उभ्या रेघा

माझं काम सोपं.
कोपऱ्यात बसायचं, वही मांडीवर,
आणि बोलणारा अडखळला की एक उभी रेघ.
‘अं’ला एक. ‘म्हणजे’ला एक.
‘काय की’ला अर्धीच, कारण ‘काय की’ काढून घेतलं
तर वडगावात कुणाला वाक्यच सुरू करता येणार नाही.

पहिल्या रविवारी आम्ही सहा जण,
सांबरेकरांच्या माळ्यावर. खाली माग.
माग साडेचारला थांबायचा,
म्हणून आमची वेळ साडेचार.
भरमाणी उठला, म्हणाला, ‘मित्रहो’,
आणि खाली बसला.
वही कोरी.
टाळ्या मात्र वाजल्या, नियमच होता तसा.
पुढच्या रविवारी तो ‘मित्रहो’च्या पलीकडे गेला:
चौदा रेघा.

मग फिलोमिनानं मंडळ पॅसेंजरमधून
खानापूरला नेलं,
कौलांच्या कारखान्याच्या हजेरीखोलीत.
निपाणीला तंबाखूची वखार मिळाली.
तिथं दर दोन वाक्यांमागे एक शिंक;
शिंकेला रेघ मारायची की नाही
यावर तासभर वाद झाला,
आणि त्या वादात, मी मोजत होते,
कुणी एकदाही अडखळलं नाही.

संकेश्वर, हुक्केरी.
गोकाकहून निरोप: माणसं आहेत, खुर्च्या नाहीत.
आम्ही कळवलं, बरंच आहे,
उभं राहायलाच तर शिकायचंय.

निपाणीतच पाटी रंगवायची ठरली.
मुजावर पेंटरनं ब्रश बुडवला, विचारलं,
‘कुठल्या भाषेत?’
बोलायला शिकलेली आम्ही एकवीस माणसं.
बाहेर चिकोडीची बस येऊन गेली.
ब्रशवरचा रंग फरशीवर ठिबकला, दोनदा.
शेवटी त्यानंच एक घड्याळ काढलं,
काटे साडेचारावर, आकडे न घालता.
आज सात दारांवर तेच घड्याळ आहे.
खानापुरात लोक आत डोकावतात,
हातातलं बंद घड्याळ पुढे करतात,
‘दुरुस्त होईल का?’

अथणीला शांतव्वा बडिगेर बोलायला उभी राहिली.
चपला शिवते. बोलणार कन्नडमधून.
माझं कन्नड बाजारापुरतं:
एष्टु, साकु, बेडा.
वही उघडी ठेवून मी नुसतं ऐकत राहिले.
‘अं’, ती म्हणाली. मी रेघ मारली.
पुन्हा ‘अं’. तेच, आमच्या माळ्यावरचं.
मध्येच ती थांबली.
उजवा हात हवेत, जणू चामड्यातून दोरा ओढतेय,
डाव्यानं काहीतरी धरलेलं.
किती वेळ ते सांगता येणार नाही.
पेन्सिल उचलली, पण याला माझ्या वहीत
रकाना नव्हता.

परतीच्या बसमध्ये बाळेशला विचारलं,
काय म्हणाली रे ती?
तो म्हणाला, तिचा बाप काम शिकवताना
तोंडानं बोलायचा नाही.
ऐरणीवर हातोडीचा एक ठोका: दोरा दे.
दोन ठोके: पाणी.
तीन म्हणजे चुकलीस, उसव.
‘आणि थांबली तेव्हा?’
‘तेव्हा चार ठोके कशाचे ते आठवत होती.’
‘आठवलं?’
बाळेश खिडकीकडे तोंड करून झोपला होता.

घरी आल्यावर मी वही पहिल्यापासून चाळली.
तीन वर्षं. रेघाच रेघा,
लांबून बघितलं तर माळ्याखालचा ताणाच.
कुणाचं पान कुठलं, नाव झाकून सांगेन मी.
माझं पान नाही.

येत्या रविवारी कागवाडला आठवं मंडळ.
यादीत माझं नाव कुणी घातलं, कुणी कबूल करत नाही.
वही भरमाणीकडे दिलीय,
पेन्सिलीचं टोक त्यानं आत्ताच चावून ठेवलंय.
मी म्हटलं, अरे, विषय तरी सांगा.
‘बोल की काय बी,’ तो म्हणाला,
‘मी मोजूलालो.’